साथीदार कोण, कटवाला कोण?

पेरणीचे दिवस जवळ आले कीं आमच्या जिल्ह्यांत धुऱ्याचे तंटे उपटतात, हें वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा यांपैकीं कोणत्याही तालुक्यांतील वाचकास सांगावयास नको. दोन हात जमिनीवरून दोन घरें एकमेकांवर उठतात. पुष्कळदां प्रकरण शिवीगाळीवर मिटतें, कधीं काठ्या निघतात, आणि एखाद्या वर्षीं कुऱ्हाड निघून एका घरचा कर्ता पुरुष धुऱ्यावरच आडवा होतो. मग फिर्याद होते. अशा फिर्यादी ज्यांनीं आमच्याप्रमाणें वर्षानुवर्षें वाचल्या आहेत त्यांस त्यांचा सांचा पाठ झालेला असतो. कुऱ्हाड एकानें मारलेली असते. परंतु फिर्यादींत त्याचें एकट्याचें नांव बहुधा येत नाहीं. त्याचे दोन भाऊ, चुलता, मेव्हणा, घरचा सालदार, आणि मागल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून ज्याच्याशीं बोलाचाल बंद आहे असा एखादा शेजारी, अशीं आठ-नऊ नांवें ओळीनें येतात, आणि "या सर्वांनीं मिळून संगनमतानें" या चार शब्दांत सर्वांचा हिशोब एकदम चुकता होतो.

संगनमत हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यांत ज्यानें मारलें तो बसतो, ज्यानें धरून ठेवलें तो बसतो, ज्यानें आदल्या रात्रीं मसलत दिली तो बसतो, आणि जो त्या दिवशीं कारंजाच्या बाजारांत सोयाबीनचीं पोतीं घेऊन उभा होता तोही बसतो. तपासावरचा अंमलदार त्या एका शब्दावर दोन-तीन कलमें चढवितो, आरोपी कोठडींत जातात, आणि कोण कशासाठीं तेथें गेला याचा विचार पुढें दोन-चार वर्षांनीं सेशन कोर्टांत सुरू होतो. तोंपर्यंत पेरण्या हुकलेल्या असतात, बैलजोडी विकलेली असते. गुन्ह्याचा साथीदार आणि कटांतला भागीदार हे दोन निराळे गुन्हेगार आहेत. त्यांच्यावर निराळ्या गोष्टी शाबीत कराव्या लागतात, आणि त्या शाबीत करण्याचा पुरावाही निराळा असतो. हा भेद म्हणजे वकिलांच्या ग्रंथांतील काथ्याकूट होय असें कित्येकांस वाटतें. परंतु एखाद्या घरचा पोशिंदा शेतांत राहावयाचा कीं तुरुंगांत जावयाचा हें ज्या भेदावर ठरतें, त्यास काथ्याकूट म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों. साथीदाराचा गुन्हा हा दुसऱ्याच्या गुन्ह्यावर उभा असतो. मूळ कृत्य दुसरा कोणी करतो. साथीदार तें होणार हें जाणून चिथावणी देतो किंवा हेतुपुरस्सर मदत करतो. १८६० च्या दंडसंहितेंत हें १०७ व्या कलमांत होतें; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें ४५ वें कलम आहे. प्रत्यक्ष घटनास्थळीं उभें राहून सर्वांच्या समान इराद्यानें जे कृत्यांत भाग घेतात त्यांची व्यवस्था आणखी निराळी. जुनें ३४ वें कलम, आतांचें तिसऱ्या कलमाचें पांचवें पोटकलम, त्यांस कर्त्याच्याच पंक्तीस बसवितें. कटवाल्याचा गुन्हा मात्र त्याचा स्वतःचा असतो. दोन माणसांनीं गुन्हा करण्याचें आपसांत ठरविलें, कीं तें ठरविणें हाच गुन्हा झाला. कुऱ्हाड अजून खुंटीवर असली तरी. हें जुनें १२०-अ व १२०-ब, नवें ६१.

हेंच धुऱ्यावर आणून पाहूं. आदल्या रात्रीं मारुतीच्या पारावर चौघे बसले आणि "उद्यां याला ठेवावयाचा नाहीं" असें त्यांनीं ठरविलें. सकाळीं त्यांपैकीं एकास ताप भरला व तो घरींच राहिला. त्यानें कोणास बोट लाविलें नाहीं, हत्यार दिलें नाहीं, तरीही तो कटवाला आहे. तापानें त्याचा गुन्हा उतरत नाहीं. उरलेल्या तिघांनीं वाटेंत एका शेजाऱ्याची कुऱ्हाड मागितली व कशासाठीं पाहिजे तें त्यास सांगितलें. त्यानें ती दिली. हा पारावर नव्हता, त्यानें कांहीं ठरविलें नाहीं. परंतु जाणून मदत केली, म्हणून तो साथीदार. आतां तीच कुऱ्हाड बाभळीच्या फांद्या तोडावयाच्या आहेत असें सांगून नेली असती, तर देणारा यांपैकीं कांहींच नाहीं. धुऱ्यावर आरडाओरड ऐकून जो धांवत आला आणि घाबरून नुसता उभा राहिला तोही कांहीं नाहीं. परंतु जो धांवत आला, वर उचललेली कुऱ्हाड ज्यानें पाहिली, आणि तरी ज्यानें मृताचे हात मागून धरले, त्यानें पारावर पाऊल ठेविलें नसलें तरी त्या क्षणीं तो मारणाऱ्याच्या इराद्यांत सामील झाला. एकाच फिर्यादींतील पांच माणसें. कायद्याच्या नजरेनें पांच निराळ्या जागीं उभीं आहेत. "संगनमतानें" या शब्दानें त्यांस एका दावणीला बांधतां येतें. तसें बांधणें म्हणजे न्याय नव्हे.

महाराष्ट्रानें हा भेद ग्रंथांत वाचण्यापूर्वीं फांसाच्या दोराखालीं पाहिला आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकास विजयानंद नाटकगृहांत "शारदा" नाटकाच्या वेळीं अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे हे त्या प्रसंगीं तेथेंच होते. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत तिघांसही फांशीं देण्यांत आलें. या तरुणांविषयीं महाराष्ट्राच्या मनांत काय आहे तें येथें सांगण्याचें कारण नाहीं; आजचा विषय कायद्याचा आहे. गोळी एकानें झाडली. बाकीचे दोघे त्याच बेतांतले, त्याच जागीं सज्ज. त्यांस कर्त्याच्या रांगेंत बसविणें हें दंडसंहितेच्या अक्षरास धरून होतें, मग तें आम्हांस कितीही कडू लागो.

परंतु खरा प्रश्न नाशिकांत नव्हता, तो लंडनांत होता. विनायक दामोदर सावरकर यांनीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन याच्या हातीं हिंदुस्थानांत पाठविलीं, आणि जॅक्सन यांच्यावर झाडलेलें पिस्तूल त्यांपैकींच होतें, असा सरकारचा आरोप होता. अमीन हा माफीचा साक्षीदार झाला. मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायमूर्तींच्या खास न्यायासनापुढें, म्हणजे मुख्य न्यायमूर्ति बेसिल स्कॉट, न्या. नारायणराव चंदावरकर व न्या. हीटन यांच्यापुढें, सावरकरांवर एक नव्हे तर दोन खटले चालले. त्या न्यायासनास ज्युरी नव्हती व त्याच्या निकालावर अपील नव्हतें. पहिल्या खटल्यांत, डिसेंबर १९१० मध्यें, युद्ध पुकारण्यास चिथावणी देणें व सरकारला दहशत घालण्याचा कट करणें याबद्दल जन्मठेप काळें पाणी; दुसऱ्यांत, जानेवारी १९११ मध्यें, जॅक्सन यांच्या खुनास साहाय्य केल्याबद्दल पुन्हां तीच शिक्षा. दोन्ही मिळून पन्नास वर्षें.

एकाच माणसावर दोन खटले कां? वाचकांनीं येथें थोडें थांबावें. त्या काळच्या दंडसंहितेंत राजसत्तेविरुद्ध कटाचें कलम होतें. १२१-अ हें कलम १८७० सालींच आंत आलें होतें. परंतु "खून करण्याचा कट" असा सर्वसामान्य गुन्हा तींत नव्हता. म्हणून लंडनांत बसलेल्या माणसाचा हात नाशिकच्या गोळीपर्यंत पोंचविण्यास सरकारला साथीदारीची, म्हणजे साहाय्याची, वाट धरावी लागली. ती वाट अरुंद आहे, आणि आमच्या मतें तेथें न्यायासनानें ती जरूरीपेक्षां रुंद करून घेतली. तारखाच पाहा. पिस्तुलें मुंबईस आलीं मार्च १९०९ मध्यें. बाबाराव सावरकरांस जन्मठेपेची शिक्षा झाली जून १९०९ मध्यें. जॅक्सन मारले गेले डिसेंबरांत. मार्च महिन्यांत पाठविलेल्या हत्यारांनीं डिसेंबरांत अमुक एका कलेक्टराचा खून व्हावा, हें पाठविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें होतें असें म्हणण्यास पुरावा काय? हत्यारें पाठविणें, पत्रकें धाडणें, यांवरून कट सिद्ध होत असेल. सरकार उलथून पाडण्याची इच्छा सिद्ध होत असेल. एका विशिष्ट खुनास हेतुपुरस्सर मदत सिद्ध होण्यास त्याहून कांहीं अधिक लागतें. चिथावणीचा जो संभाव्य परिणाम त्याचा भार चिथावणी देणाऱ्यावर टाकण्याची तरतूद दंडसंहितेंत आहे हें आम्हांस माहीत आहे. परंतु संभाव्य हा शब्द असा ताणूं लागल्यास हत्यारांचा प्रत्येक पाठविणारा पुढच्या प्रत्येक खुनाचा धनी ठरेल. कट आणि साहाय्य यांमधली भिंत त्या दिवशीं पातळ झाली, आणि ती ज्यांच्यासाठीं पातळ झाली ते परक्या सरकारचे शत्रू होते, एवढ्यावरून तिच्याकडे दुर्लक्ष झालें.

सरकारास मात्र या अडचणीचा विसर पडला नाहीं. डिसेंबर १९१२ मध्यें दिल्लींत लॉर्ड हार्डिंज यांच्या स्वारीवर बॉम्ब पडला, आणि १९१३ च्या आठव्या ॲक्टानें १२०-अ व १२०-ब हीं कलमें दंडसंहितेंत आलीं. आतां नुसतें ठरविणें हाच गुन्हा. मेकॉलेच्या मसुद्यांतून उतरलेल्या १८६० च्या संहितेनें जें धोरण जवळजवळ अर्धें शतक संभाळलें होतें, कीं सामान्यतः कांहीं कृत्य घडल्यावांचून मनुष्यास शिक्षा होऊं नये, तें एका फटक्यासरशीं बाजूस सारलें गेलें. पुढें १९२९ त मीरतचा खटला उभा राहिला. त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर अशीं आमच्या मुलखांतलीं नांवें होतीं, आणि त्यांच्याविरुद्ध कागदांचे ढीग होते. तो खटला जुन्या १२१-अ खालीं होता, परंतु रीत तीच: कृत्य कमी, पत्रव्यवहार पुष्कळ. खालच्या कोर्टाचा निकाल लागावयास १९३३ चें जानेवारी उजाडलें, आणि त्याच वर्षीं अलाहाबाद हायकोर्टानें त्या शिक्षा मोठ्या प्रमाणांत खालीं आणल्या. तोंपर्यंत आरोपी जवळजवळ चार वर्षें अडकून पडले होते.

यावरून आम्ही कटाचें कलमच काढून टाका म्हणतों, असें कोणी समजूं नये. आपण घरीं बसून दुसऱ्याच्या हातून काम करून घेणारे लोक प्रत्येक गांवीं आहेत. कूळ उठविणारा सावकार कधीं धुऱ्यावर जात नाहीं. रेतीच्या ट्रकापुढें तलाठी आडवा झाला तर त्यास चिरडावयास मालक स्वतः चाकावर बसत नाहीं. साथीदारीच्या कलमांत अशांस गांठणें पुष्कळदां कठीण जातें, कारण हत्यार त्यानें दिलेलें नसतें व तोंडची चिथावणी कोणी ऐकलेली नसते. त्याच्यासाठीं कटाचा कायदा पाहिजे. कट अंधारांत होतो, त्याचा करारनामा स्टॅम्पपेपरावर होत नाहीं, तो परिस्थितीवरूनच ओळखावा लागतो, हेंही आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार कलमाविरुद्ध नसून त्याच्या ढिलाईविरुद्ध आहे.

हें कलम नीट चालविलें असतां काय होतें याचें उदाहरण स्वराज्याच्या पहिल्याच वर्षांतलें आहे, आणि तेंही दुर्दैवानें बहुतांशीं मराठी माणसांचें. महात्मा गांधींच्या खुनाचा खटला दिल्लीच्या लाल किल्ल्यांत न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढें चालला व १० फेब्रुवारी १९४९ रोजीं त्याचा निकाल लागला. आरोपी आठ. त्यांतील प्रत्येकाची जागा निराळी होती, आणि निकालांतही ती निराळी ठेवली गेली. नथुराम गोडसे हा कर्ता. नारायण आपटे याच्या हातांत त्या दिवशीं पिस्तूल नव्हतें, परंतु बेताच्या पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत तो बरोबर होता. दोघांसही फांशीची शिक्षा झाली. मदनलाल पाहवा याचें उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. २० जानेवारी १९४८ रोजीं बिर्ला भवनांत स्फोट करून तो जागच्या जागीं पकडला गेला. ३० जानेवारीस गोळ्या सुटल्या तेव्हां तो पोलिसांच्या कोठडींत होता. त्या दिवशीं तो कोणास मदत करूंच शकत नव्हता. तरी त्यास जन्मठेप झाली, ती कटाबद्दल. ज्या बेतांत तो सामील झाला होता त्याबद्दल.

दुसऱ्या टोकास शंकर किस्तय्या. हा माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याचा नोकर. मालकानें सांगितलें तें त्यानें उचललें, नेलें, पुरलें. हातानें त्यानें जेवढें केलें तेवढें कित्येक कटवाल्यांनींही केलें नसेल. खालच्या कोर्टानें त्यास दोषी धरलें; पूर्व पंजाब हायकोर्टानें जून १९४९ मध्यें सोडून दिलें, कारण काय चाललें आहे हें समजून तो त्यांत शिरला अशी खात्री पटत नव्हती. ग्वाल्हेरच्या डॉ. परचुरे यांचीही अपिलांत सुटका झाली. आमच्या जिल्ह्यांतील सालदारांचीं नांवें ज्या सहजतेनें फिर्यादींत घातलीं जातात ती पाहतां शंकर किस्तय्याचा निकाल प्रत्येक ठाण्यांत वाचून दाखविण्याजोगा आहे. मालकाच्या हुकुमावरून ट्रॅक्टर हांकणें हा करार नव्हे.

आणि सावरकर? ते या खटल्यांत पहिल्याच कोर्टांत निर्दोष सुटले. त्यांच्याविरुद्ध मुख्य आधार बडगे याच्या जबानीचा होता, आणि सावरकरांच्या बाबतींत त्या जबानीस स्वतंत्र दुजोरा नाहीं म्हणून तीवर भरंवसा ठेवून दोषी ठरविणें न्यायाधीशांस सुरक्षित वाटलें नाहीं. पुढें कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालांत याहून उलट मत आलें हें खरें. परंतु आयोग हें फौजदारी कोर्ट नव्हे, आणि फौजदारी कोर्टापुढें जें शाबीत झालें नाहीं तें शाबीत झालें नाहीं. १९११ सालीं परक्या राज्यांतील न्यायासनानें जेथें वाट रुंद केली, तेथें १९४९ सालीं स्वराज्यांतील एका न्यायाधीशानें, राष्ट्रपित्याच्या खुनानें सारा देश पेटलेला असतांना, ती अरुंद ठेवली. सावरकरांच्या राजकारणाविषयीं कोणाचें कांहींही मत असो. वकील या नात्यानें आम्हांस त्या निकालाचा अभिमान वाटतो.

माफीच्या साक्षीदाराचा विषय निघाला म्हणून नव्या पुरावा-कायद्यांतील एका बदलाकडे लक्ष वेधतों. १८७२ च्या कायद्याच्या १३३ व्या कलमांत असें होतें कीं साथीदाराच्या बिनदुजोऱ्याच्या साक्षीवर शिक्षा झाली तरी ती तेवढ्यावरून बेकायदेशीर होत नाहीं. त्याच कायद्याच्या ११४ व्या कलमाच्या उदाहरणांत मात्र असें, कीं महत्त्वाच्या बाबींत दुजोरा नसेल तर साथीदार विश्वासास पात्र नाहीं असें कोर्टास धरतां येईल. एकाच घरांत बाप एक सांगतो, मुलगा दुसरें. कोर्टांनीं तडजोड म्हणून दुजोऱ्याची सावधगिरी पाळण्याचा परिपाठ पाडला. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३८ व्या कलमांत आतां "दुजोरा मिळालेल्या साक्षीवर" असे शब्द आले आहेत. एवढासा "बिन" गेला. परंतु ज्यांनीं माफीच्या साक्षीदारांची उलटतपासणी केली आहे त्यांस त्याचें मोल कळेल. नव्या संहितांवर आम्हीं पुष्कळ टीका केली आहे. येथें शाबासकी देण्यास आम्ही कचरत नाहीं.

पण पुराव्याच्या दुसऱ्या दारांतून जो वारा येतो तो तसाच आहे. कटाचें कलम लावण्यांत तपास करणाऱ्यांस जो खरा लोभ असतो तो शिक्षेचा नव्हे, पुराव्याचा. एरव्हीं एका आरोपीनें मागें जें बोललें वा लिहिलें तें दुसऱ्याविरुद्ध सहसा वाचतां येत नाहीं. कटांत मात्र, कट होता असें मानण्यास वाजवी कारण दिसलें, कीं त्या समान इराद्याविषयीं एकाचें बोलणें, लिहिणें, करणें सर्वांविरुद्ध येतें. जुन्या पुरावा-कायद्याचें १० वें कलम तें, नव्याचें ८ वें. पूर्वीं पत्रें असत. आतां मोबाईलवरील निरोप असतात. भावकीच्या व्हॉट्सॲप गटांत कोणा एकानें रागानें दोन शब्द टाकले, कीं त्या गटांतील बारा जण त्या शब्दांचे वारस होण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणूनच प्रिव्ही कौन्सिलानें १९४० सालीं मिर्झा अकबर याच्या अपिलांत या कलमाची मर्यादा बांधून दिली: बेत चालू असतांना, त्या बेताच्या संबंधानें झालेलें बोलणेंच काय तें घ्यावयाचें, सर्व संपल्यावर कोणी जबानींत दुसऱ्याचें नांव घेतलें तर तें या दारानें आंत येत नाहीं. ही मर्यादा आजही कायम आहे. ती खालच्या कोर्टांत कितपत पाळली जाते याची चर्चा वकिलांच्या खोलींत रोज होते.

बाहेरच्या देशांतही या दोन गुन्ह्यांची सरमिसळ झालेली आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें १९४६ सालीं पिंकर्टन बंधूंच्या खटल्यांत असें ठरविलें कीं कटांतील एकानें कटाच्या कामीं केलेल्या गुन्ह्याबद्दल दुसराही दोषी, मग तो दुसरा त्या वेळीं तुरुंगांत कां असेना. आमच्या सुप्रीम कोर्टानें संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यांत २००५ सालीं हा मार्ग पत्करला नाहीं: कटाबद्दल कटाची शिक्षा, आणि प्रत्यक्ष गुन्ह्याबद्दल त्यांत ज्याचा हात असेल त्यास. इंग्लंडांत नुसत्या अंदाजावर साथीदारास खुनी ठरविण्याची रीत तीस वर्षें चालली. २०१६ सालीं जोगी याच्या अपिलांत तेथील सर्वोच्च कोर्टानेंच ती चूक होती असें कबूल केलें. राजीव गांधी यांच्या खुनाच्या खटल्यांत १९९८ सालीं खालच्या कोर्टानें सव्वीसच्या सव्वीस आरोपींस फांशी सुनावली. १९९९ च्या मे महिन्यांत सुप्रीम कोर्टानें त्यांतील १९ जणांस खून व कट या आरोपांतून मोकळें केलें. कटवाल्यांशीं ओळख असणें, त्यांस घरीं थारा देणें, कांहींसा सुगावा लागलेला असणें, हें कटांत सामील होणें नव्हे, असें त्या निकालाचें सार आहे. सव्वीसांतून एकोणीस! तें प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, म्हणून ते वांचले. आमच्या धुऱ्यावरच्या खटल्यांतील सालदारास कोणतें सुप्रीम कोर्ट भेटणार?

तेव्हां काम येथेंच, खालींच झालें पाहिजे. दोषारोप ठेवतांना प्रत्येक आरोपीच्या नांवापुढें तो कर्ता म्हणून उभा आहे, मदतगार म्हणून, कीं कटवाला म्हणून, हें स्पष्ट लिहिलें जावें. कटवाला म्हणावयाचें असेल तर कोणांत, सुमारें केव्हां, काय ठरलें, हें सांगावें. करार प्रत्यक्ष दाखवितां येत नसेल तर तो कोणत्या परिस्थितीवरून ओळखावयाचा ती परिस्थिती मांडावी. आरोपीस आपल्यावर नेमका काय आरोप आहे तें कळलें पाहिजे, हा कांहीं आम्हीं काढलेला नवा हक्क नव्हे. दोषारोपांत तपशील देण्याचा नियम फौजदारी कार्यपद्धतींत जुनाच आहे. सरकारी वकिलांस यांत जास्त श्रम पडतील. पडोत. फिर्यादीच्या घरासही त्यांत हित आहे, कारण नऊ जणांचा एकच मोघम आरोप उलटतपासणींत फुटला म्हणजे त्याबरोबर खरा मारेकरीही निसटतो, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर आरोपीचे वकील म्हणून त्याचा फायदाही घेतला आहे.

राहतां राहिला तो कारंजाच्या बाजारांतला भाऊ. त्याच्याजवळ त्या दिवशींची सोयाबीनची काटापट्टी असते, तीवर तारीख असते, आडत्याची सही असते. ती जामिनाच्या अर्जास पहिल्याच दिवशीं जोडावी. अर्थात् नुसत्या काटापट्टीनें कटाचा आरोप उडत नाहीं. कटवाल्यास घटनास्थळीं असावें लागत नाहीं, हें वर आलेंच आहे. म्हणून तिच्याबरोबर सरकार पक्षास एवढें विचारावें: हा इसम कोणाबरोबर, कोणत्या रात्रीं, कोठें बसून काय ठरवीत होता?